मागच्या चाकांचा हिवाळा

नोव्हेंबर लागला की श्टुटगार्टच्या आसपासच्या रस्त्यांवरून स्पोर्ट्स कार एकेक करून नाहीशा होतात. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात, बहुधा ०४ आणि १०. एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांचा कर आणि विमा भरायचा, बाकीचे महिने गाडी गॅरेजात चादरीखाली. माझ्या गाडीला तशी प्लेट नाही. १९८० च्या दशकातली पोर्शे ९११ आहे ती. इंजिन मागे, जोर मागच्या चाकांना, सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स काहीही नाही. जानेवारीत श्वेबिश आल्बच्या डोंगरांत बर्फ पडला की मी तिला मुद्दाम बाहेर काढते. इथल्या मराठी मंडळात संक्रांतीला तिळगूळ देता देता कुणीतरी म्हणतंच, "अगं, बर्फात ही गाडी? क्वाट्रो घे की एखादी!"

क्वाट्रो म्हणजे आउडीची चारही चाकं ओढणारी गाडी. म्हणणारा काळजीनेच म्हणतो. पण मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार बर्फात कुचकामी ठरते, हा समज जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. ज्या गाडीबद्दल तो बोलून दाखवतात, तिचं घराणं तर बर्फाच्याच मुलखातलं. आल्प्सच्या घाटांत आणि स्वीडनच्या जंगलांत अशा गाड्यांनी भर हिवाळ्यातल्या शर्यती वर्षानुवर्षं जिंकल्या. त्यामागे एक विद्या होती. ती घोड्यांच्या ताकदीची नव्हती. वजनाची, टायरची आणि उजव्या पायाची होती.

मी ब्रेकच्या नियंत्रणावर काम करणारी इंजिनिअर आहे, पण गाडीचं वजन म्हणजे काय हे मला कोल्हापुरात कळलं. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं गॅरेज होतं. पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाणाऱ्या अ‍ॅम्बॅसडरच्या डिकीत ते वाळूची दोन पोती टाकायला लावायचे. पुढे इंजिनाचा लोखंडी गोळा, मागे रिकामी डिकी आणि फिरणारी चाकं मागची. लाल चिखलात ती नुसती भिरभिरत राहायची. "ओझं कुठं आहे ते आधी बघ, मग गिअर टाक," एवढंच ते सांगायचे. जर्मनीत आले तेव्हा इथले म्हातारे मर्सिडीजवाले हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती ठेवताना दिसले आणि मला फार आपलेपणा वाटला.

मोटारी निघाल्या तेव्हापासून कित्येक दशकं जवळजवळ सगळ्याच मागच्या चाकांवर चालायच्या. बर्फात कुठली चाकं ओढतात, हा प्रश्नच कुणी विचारत नव्हतं. १९११ मध्ये मोनॅकोच्या प्रिन्स आल्बर्ट पहिल्याच्या पुढाकाराने माँटे कार्लो रॅली सुरू झाली. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून ऐन जानेवारीत मोटारी निघायच्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या या चिमुकल्या राज्यात पोचायच्या. हिवाळ्यात मोनॅकोला पाहुणे यावेत, हा त्यातला व्यवहार. पुढे शेवटच्या रात्री आल्प्सच्या घाटांतले अवघड टप्पे आले आणि पोचण्याची स्पर्धा चालवण्याची झाली. १९५४ मध्ये मोनॅकोचाच लुई शिराँ ती लान्चिया ऑरेलिया बी२० घेऊन जिंकला. इंजिन पुढे, जोर मागे, ऐटबाज कूपे. तेव्हा त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

पण माझ्या गोष्टीची खरी सुरुवात ऑस्ट्रियातल्या एका लाकूड कापायच्या गिरणीत होते. १९४४ मध्ये श्टुटगार्टवर बॉम्ब पडत होते. पोर्शेची कचेरी तिथून उठली आणि दक्षिण ऑस्ट्रियात, केर्न्टन प्रांतातल्या ग्म्युंड या गावी गेली. गाव डोंगरात, हिवाळे कडक. युद्धानंतर फर्डिनांड पोर्शे फ्रान्सच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांचा मुलगा फेरी याने तिथेच नवी मोटार जुळवायला घेतली. फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून केलेली ही पहिली ३५६. ८ जून १९४८ ला तिला रस्त्यावर चालवायचा परवाना मिळाला. ती जवळच्या काट्शबेर्गच्या अतिशय उभ्या घाटात पळवून पाहिली गेली. पहिल्या नमुन्यात इंजिन मागच्या आसाच्या पुढे होतं. विकायच्या गाड्यांत ते आसाच्या मागे गेलं, बीटलसारखंच.

आणि बीटल थंडीचा विचार करूनच घडवलेली होती. तिच्या इंजिनात पाणी नव्हतं, हवेवर थंड होणारं होतं ते. सामान्य माणसाकडे गॅरेज नसतं, गाडी रात्रभर उघड्यावर राहते आणि शून्याखाली रेडिएटरचं पाणी गोठून लोखंड तडकतं. हवा गोठत नाही. दुसरा फायदा वजनाचा. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं ओझं फिरणाऱ्या चाकांच्या डोक्यावर. गगनबावड्याला वडील जे पोत्यांनी करायचे, ते इथे कारखान्यातूनच करून मिळत होतं. चढावर गाडीचं वजन आणखी मागे सरकतं, त्यामुळे बर्फाळ घाटात पुढची चाकं ओढणारी गाडी हरते तिथे बीटल आणि ३५६ वर चढायच्या. आल्प्समधल्या गावांत डॉक्टर, दूधवाले, शिक्षक बीटल का घेत, त्याचं कारण हेच.

फर्डिनांड पोर्शे जानेवारी १९५१ मध्ये वारले. साल्झबुर्ग प्रांतात त्सेल आम झे गावाजवळ त्यांच्या कुटुंबाची शेतवाडी आहे, तिथल्या छोट्या चॅपेलमध्ये त्यांना पुरलं आहे. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९५२ मध्ये गावकऱ्यांनी त्यांच्या स्मरणार्थ गोठलेल्या तळ्यावर शर्यत भरवली. मोटारसायकलींच्या आणि गाड्यांच्या मागे दोर बांधायचा, दोराच्या टोकाला स्कीवर उभा माणूस, आणि मग बर्फावर फेऱ्या. या खेळाला स्कीयोरिंग म्हणतात. मूळचा तो घोड्यांचा. आपल्याकडच्या शंकरपटाला ज्या उत्साहाने गाव लोटतं, तसाच उत्साह त्या दिवसांच्या छायाचित्रांत दिसतो: काठाला टोप्यांची रांग, ३५६ मागून उडणारा बर्फाचा फवारा, आणि त्या फवाऱ्यात डोळे मिटून दोर धरलेला स्कीवाला. १९७४ पर्यंत तो खेळ चालला. २०१९ मध्ये पोर्शे कुटुंबातल्या चौथ्या पिढीच्या मुलाने तो त्याच गावी, पण तळ्याऐवजी विमानतळाच्या मैदानावर, पुन्हा सुरू केला. मला त्या जुन्या खेळाचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. मागे माणूस बांधलेला असताना चालवणाऱ्याला झटका देता येत नाही, घेताही येत नाही. पाय एकदम सोडला तर दोर सैल पडतो आणि स्कीवाला बंपरवर येतो. उजवा पाय मवाळ ठेवण्याची याहून कडक शाळा नसेल.

१९६४ मध्ये ९११ विकायला आली, तेव्हा मागच्या इंजिनाचं दुसरं तोंडही दिसलं. वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग मागे. त्यामुळे बर्फावर निघायला गाडी उत्तम, पण वळायला आळशी, कारण पुढच्या चाकांवर भारच नाही. घाबरून मध्येच अ‍ॅक्सलरेटर सोडला तर वजन झटकन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि जड शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी बाहेर फेकली जाते. कारखान्याने त्यावर काय केलं? सुरुवातीच्या काही वर्षांत पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोचे लोखंडी ठोकळे बसवले. वडिलांना हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा ते खूप वेळ हसत होते: पोती पुढे टाकली म्हणजे! १९६९ च्या मॉडेलला मागचा आस ५७ मिलिमीटर मागे नेला, दोन आसांमधलं अंतर २२११ चं २२६८ मिलिमीटर झालं, आणि ठोकळ्यांऐवजी पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या आल्या. पेट्रोलची टाकीही पुढेच असते. म्हणून आजही बर्फाचा अंदाज असला की मी आदल्या रात्री टाकी काठोकाठ भरते.

९११ ची पहिलीच स्पर्धा जानेवारी १९६५ ची माँटे कार्लो. त्या वर्षी युरोपात असा काही बर्फ पडला की निघालेल्या २३७ गाड्यांपैकी फक्त ३५ मोनॅकोला वेळेत पोचल्या. कारखान्याने पाठवलेली दोन माणसं व्यावसायिक रॅलीवाली नव्हतीच. हेर्बेर्ट लिंगे हा मूळचा मेकॅनिक, इथून जवळच्या वाइसाख गावचा. आपल्या गावाशेजारची जमीन चाचणीच्या ट्रॅकसाठी घ्या, असं पोर्शेला सुचवणारा तोच, आणि आज वाइसाख हे त्या कंपनीचं संशोधन केंद्र आहे. दुसरा पेटर फाल्क, चाचणी विभागातला इंजिनिअर. दोघांनी ती नवीकोरी ९११ पाचव्या क्रमांकावर आणली.

त्याच रॅलीत त्याहून अचाट प्रकार घडला. श्टुटगार्टच्या रोटेनबेर्ग टेकडीवर हॉटेल चालवणारा ऑयगेन ब्योरिंगर पोर्शे ९०४ घेऊन उतरला. ही जवळजवळ शुद्ध शर्यतीची गाडी. इंजिन मधोमध, अंग फायबरग्लासचं, जमिनीपासून उंची नावापुरती. ही गाडी बर्फात निभणार नाही, असं कुणालाही वाटलं असतं. शेजारच्या सीटवर रोल्फ व्युटरिश होता; १९५५ मध्ये जेम्स डीन ज्या पोर्शेत गेला, त्याच गाडीतून जिवंत वाचलेला मेकॅनिक. ब्योरिंगर दुसरा आला. पहिला आला फिनलंडचा टिमो मॅकिनेन, मिनी कूपरमध्ये, म्हणजे पुढच्या चाकांवर. तिसरी पॅट मॉस, साबमध्ये. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या बर्फात चांगल्या, हे मत इथे पक्कं होत चाललं होतं, आणि ते चूकही नव्हतं. साबच्या एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ ची माँटे जिंकलीच होती. पण त्या मिनी आणि साबच्या मधोमध एक हॉटेलवाला मागच्या चाकांवर, छाती जमिनीला टेकवून बसलेल्या गाडीत आला होता, ही गोष्ट का विसरावी?

पुढचा माणूस इंग्रज. विक एलफर्ड १९६७ च्या माँटेत ९११ मध्ये तिसरा आला. १९६८ ला डेव्हिड स्टोनला शेजारी घेऊन तो ९११ टी मध्ये परत आला. एलफर्डची ख्याती वेगाची, पण त्याच्या कामाची पद्धत मला जास्त शिकवते. दोघं आधी येऊन प्रत्येक घाट पुन्हा पुन्हा चालवायचे आणि प्रत्येक वळणाची टिपणं वहीत उतरवायचे. शर्यतीच्या रात्री स्पर्धकांच्या आधी दुसरी मंडळी तोच रस्ता फिरून येत आणि बर्फ नेमका कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूला, किती लांब आहे ते त्या वहीत भरून देत. तुरिनीचा घाट १६०७ मीटर उंचीवर. खालच्या गावात डांबर कोरडं ठणठणीत, वर माथ्यावर काच, पलीकडे उतरताना पुन्हा कोरडं. खिळे ठोकलेले टायर लावावेत तर कोरड्या डांबरावर ते घसरतात आणि खिळे उपटतात. साधे लावावेत तर माथ्यावर गाडी दरीत. टायर निवडणं हीच निम्मी शर्यत.

त्या वर्षी शेवटच्या रात्री एलफर्डची लढत जेरार लारूसच्या आल्पिनशी होती. ती गाडीही मागच्या इंजिनाची. तुरिनीवर प्रेक्षकांनी मौज म्हणून फावड्याने रस्त्यावर बर्फ टाकला होता. लारूस त्यावर घसरून बाहेर गेला. एलफर्ड जिंकला, त्याच्या मागोमाग पाउली टोइव्होनेन दुसऱ्या पोर्शेत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एलफर्ड फ्लोरिडातल्या डेटोनाला २४ तासांची शर्यत जिंकलेल्या पोर्शे चमूत होता. एकाच माणसाने बर्फाचा घाट आणि सपाट रेसट्रॅक असे लागोपाठ मारले. बर्फातली विद्या म्हणजे काही निराळा चमत्कार नाही, टायरची पकड किती उरली आहे हे ओळखायची तीच विद्या कोरड्या रस्त्यावर लागते, याला मी हा दाखला देते.

त्याच १९६८ च्या डिसेंबरात पोर्शे ९११ मुंबईत आल्या होत्या. लंडन ते सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या काबूल, दिल्लीमार्गे मुंबईला पोचल्या आणि 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. वडील तेव्हा मुंबईत उमेदवारी करत होते. पोलंडच्या सोबिएस्वाव झासादाची ९११, जी शेवटी चौथी आली, त्यांनी पाहिली होती: पुढे कांगारू अडवायला पाइपांचा मोठा पिंजरा लावलेली. इंजिन मागे आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो क्लचबद्दल. ही गोष्ट माझ्या लहानपणी मी इतक्यांदा ऐकली की ९११ आमच्या घरचीच वाटे.

बर्फावरची खरी हुकूमत मात्र स्वीडिश माणसाची. ब्योर्न वाल्देगोर्ड शेतकरी घरातला. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं त्याने ९११ मध्ये स्वीडिश रॅली जिंकली, आणि १९६९, १९७० ची माँटेही. माँटेत बर्फ मध्येमध्ये भेटतो. स्वीडनमध्ये रस्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत बर्फाचाच, बाजूला बर्फाच्या भिंती, आणि साबसारखी पुढच्या चाकांची गाडी तिथल्या घरची. अशा ठिकाणी तीनदा मागच्या चाकांवर जिंकणं हे नशिबाने होत नाही. वळण येण्याआधीच गाडी सरळ असताना ब्रेक लावून वजन पुढे आणायचं, पुढच्या चाकांनी चावा घेतला की वळवायची, आणि वळणाच्या आतच, फार लवकर, हलकासा अ‍ॅक्सलरेटर द्यायचा. मग मागचं ओझं चाकं दाबून धरतं आणि गाडी पायाने वळते, हाताने नाही. मध्ये विचार बदलायला जागा नाही. बर्फाच्या भिंतीला शेपूट टेकवून वळण घेणारी माणसं होती ती.

टायर तेव्हा अरुंद होते, हेही सांगायला हवं. सुरुवातीच्या ९११ ला १६५ मिलिमीटरचे टायर होते. आजच्या ९११ चे मागचे टायर ३०० मिलिमीटरच्या घरात जातात. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खाली जातो. शिवाय उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होतं. पाहणारा म्हणतो मागच्या चाकांचा दोष. बऱ्याचदा दोष त्या रुंद, कडक रबराचा असतो. हिवाळी टायरचा शोध उत्तरेतलाच: फिनलंडच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी तो काढला. जर्मनीत टायर बदलायची जुनी खूण म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. खिळ्यांच्या टायरनी रस्ते खरवडून निघाले म्हणून १९७५ मध्ये इथे त्यांच्यावर बंदी आली. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडतं, आणि मीठ पत्रा खातं. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शेने ९११ ची बॉडी जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याची केली. त्याच्या आधीच्या कितीतरी गाड्या बर्फातल्या अपघाताने गेल्या नाहीत, मिठाने गेल्या. हिवाळ्यात चादरीखाली झाकण्याची चाल बव्हंशी या मिठाच्या भीतीतून आली, आणि माझ्या गाडीच्या पत्र्याला ती भीती कमी आहे.

१९७० चं दशक बव्हंशी मागच्या चाकांचं होतं. १९७३ ची माँटे ही जागतिक रॅली अजिंक्यपदाची पहिलीवहिली फेरी. आल्पिन ए११० पहिल्या तिन्ही जागांवर. जाँ-क्लोद आँद्रुए जिंकला, आणि शेजारी टिपणं वाचत होती मिशेल पेती, सगळे तिला बिश म्हणत. म्हणजे या अजिंक्यपदाच्या पहिल्याच विजयात एका बाईचा निम्मा वाटा आहे. पुरुषांच्या याद्यांत तिचं नाव दुसऱ्या ओळीत जातं म्हणून मी ते मुद्दाम घेते. मग सान्द्रो मुनारीने लान्चिया स्ट्राटोसमध्ये १९७५, १९७६, १९७७ अशा तीन माँटे घेतल्या. फेरारीचं इंजिन पाठीशी, आखूड गाडी. १९७८ ला माँपेलिएच्या आल्मेरास बंधूंनी त्यांच्या खाजगी वर्कशॉपात तयार केलेली ९११ कॅरेरा घेऊन जाँ-पिएर निकोला जिंकला. फियाट, लान्चिया, रेनो यांचे कारखान्याचे ताफे समोर असताना दोन भावांच्या गॅरेजची गाडी! त्याच्या मागे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या दोन छोट्या रेनो ५. १९७९ ला बेर्नार दार्निशच्या स्ट्राटोसने वाल्देगोर्डच्या फोर्ड एस्कॉर्टला ६ सेकंदांनी हरवलं. दोन्ही मागच्या चाकांच्या.

या सगळ्याचा शेवट जिथे ठरला, ती जागा ग्म्युंडपासून फार लांब नाही. आउडीचा इंजिनिअर यॉर्ग बेन्सिंगर १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या घेत होता. कितीतरी जास्त ताकदीच्या आउडींना लष्करासाठी केलेली इल्टिस ही साधी जीप बर्फात मागे टाकत होती, कारण तिची चारही चाकं ओढत होती. जानेवारी १९७८ मध्ये टुराखर होहे या ऑस्ट्रियन घाटात चारचाकी ओढीचा नमुना उन्हाळी टायरवर, साखळ्यांशिवाय, बर्फाच्या २३ टक्के चढावर चढवून दाखवला. आउडीत हे काम पुढे नेणारा फर्डिनांड पीएश हा फर्डिनांड पोर्शे यांचा नातू. ९११ च्या इंजिनावर तरुणपणी त्यानेच काम केलं होतं. घराण्यातल्याच माणसाने घराण्याची विद्या मागे टाकली, आणि इंजिनिअर म्हणून मला त्याचं बरोबर वाटतं. त्याने जे पाहिलं ते खरं होतं.

१९८० मध्ये क्वाट्रो आली. १९८१ च्या माँटेत हान्नू मिक्कोलाने सुरुवातीच्या बर्फाळ टप्प्यांत मिनिटांनी आघाडी घेतली. तो पुढे बाद झाला, पण फेब्रुवारीत स्वीडिश रॅली क्वाट्रोनेच जिंकली. तरीही मागची चाकं लगेच शरण गेली नाहीत. बव्हेरियाचा वाल्टर रोर्ल १९८० ला फियाट १३१ मध्ये माँटे जिंकला होता. १९८२ ला ओपेल अस्कोना ४०० मध्ये त्याने क्वाट्रोला मागे टाकून ती पुन्हा घेतली. १९८३ ला लान्चिया ०३७ मध्ये तिसऱ्यांदा. त्या वर्षी रस्ते बरेचसे कोरडे होते, आणि रोर्लचे पाय होते. मागच्या चाकांची गाडी माँटे जिंकल्याची ती शेवटची वेळ. १९८४ ला भरपूर बर्फ पडला, रोर्ल स्वतःच क्वाट्रोत बसला, आणि आउडी पहिल्या तिन्ही जागांवर आल्या. चार विजय, चार वेगळ्या गाड्या, त्यातल्या तीन मागच्या चाकांच्या. पुढे तो पोर्शेचा चाचणीचालक झाला.

माझं काम या इतिहासाच्या पलीकडच्या काठावरचं. उत्तर स्वीडनमध्ये आर्येप्लोग नावाचं तीन हजारांहून कमी वस्तीचं गाव आहे. दर हिवाळ्यात जगभरच्या कंपन्या तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर ट्रॅक आखतात आणि गाड्या तपासतात. पुण्याची, नाशिकची मुलं तिथे भेटतात. उणे २५ मध्ये लॅपटॉपची बॅटरी जॅकेटच्या आत धरून उभी. आम्ही तपासतो ते स्थिरता नियंत्रण, जे १९९५ मध्ये पहिल्यांदा मर्सिडीजमध्ये आलं. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे आणि स्टिअरिंग किती वळवलं आहे, हे ते सतत ताडून पाहतं. शेपूट बाहेर जाऊ लागली की बाहेरच्या बाजूचं पुढचं एक चाक धरतं, इंजिनाचा जोर कापतं. कितीतरी जीव त्याने वाचवले आहेत, आणि माझ्या मुलाच्या गाडीत ते नसतं तर मी त्याला किल्ली दिली नसती. पण तळ्यावर पहिल्या दिवशी नव्या मुलांना मी यंत्रणा बंद करून मागच्या चाकांची गाडी चालवायला लावते. शेपूट कधी सुटते, हे बुडाला कळल्याशिवाय आलेखातली रेघ वाचता येत नाही. आणखी एक गोष्ट तिथे पहिल्याच दिवशी उमगते: चार चाकं ओढली तरी थांबवताना सगळ्या गाड्या सारख्याच. ब्रेक सगळ्यांनाच चार चाकांवर असतात. चढावर क्वाट्रो जिंकते. उतारावर जिंकतो तो टायर. मंडळातल्या मित्रांना मी हेच सांगते. ज्या चौफेर ओढीच्या जड गाडीवर ते विश्वास टाकतात, तिचे टायर जुने असतील तर माझी ९११ तिच्याआधी थांबते.

शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात वाईट, हेही त्यांना पटत नाही. उणे २० चा बर्फ कोरडा आणि खरखरीत, त्यावर टायर धरतो. शून्याला वर पाण्याचा पातळ थर असतो. श्टुटगार्टचा हिवाळा नेमका शून्याला घुटमळतो. म्हणून इथे स्वीडनपेक्षा मला जास्त सावध राहावं लागतं.

मोनॅकोच्या ऑटोमोबाइल क्लबने १९९८ पासून जुन्या गाड्यांची माँटे कार्लो सुरू केली आहे. ती ठरवलेली सरासरी नेमकी राखण्याची स्पर्धा आहे, वेगाची नव्हे. पण घाट तेच, महिना तोच, आणि शेवटच्या रात्री तुरिनी आहेच. मी बघायला जाते तेव्हा माथ्यावर न थांबता खालच्या गावात थांबते, जिथे टायर बदलतात. वडिलांच्या आल्पिनमध्ये पोरं बसलेली असतात, आजोबांच्या ९११ मध्ये नाती. जॅक लागलेले, नटांचा खणखणाट, खिळ्यांचे टायर का साधे यावर दोन भाषांत भांडण. मग माथ्यावर आधी गेलेल्या माणसाचा फोन येतो: दगडी पुलानंतर तिसऱ्या वळणापासून डावीकडे बर्फ, पुढे माथ्यापर्यंत सलग. शेजारच्या सीटवरची मुलगी मांडीवरच्या वहीत लाल पेन्सिलने रेघा ओढत जाते, मेकॅनिकला ओरडून सांगते की चारही खिळ्यांचे लाव, आणि चालवणाऱ्या भावाला विचारते की पेट्रोल किती आहे.